राक्षस कोणाला म्हणायचं? आमच्या यादीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमचा एक वाचनकट्टा भरतो. रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत निवृत्त शिक्षिका, कॉलेजची पोरं, एक ऑटोवाले काका, दोन-तीन गृहिणी अशी मंडळी जमतात. सध्या आम्ही गोष्टींतल्या राक्षसांची यादी करतोय. पुराणांतले राक्षस त्यात आहेत, विदर्भातल्या गावोगावच्या तोंडी गोष्टींतले आहेत आणि परदेशी कादंबऱ्यांतलेही आहेत. नावं गोळा करणं सोपं जातं. भांडणं होतात ती 'हा यादीत काहून?' यावरून. नव्यानं येणारा प्रत्येक जण तेच ते विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. उत्तरं माझी आहेत. कट्ट्यावरच्या सगळ्यांना ती पटलेली नाहीत, आणि तसं कुणी सांगितलं तर त्यांचंही ऐकून घ्या.

यादीत घ्यायचं की नाही, हे ठरवता कसं?

गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे. यातली माणसं त्याच्या पंगतीला बसू शकतात का? आणि त्याच्या घरी मुलगी देऊ शकतात किंवा त्याच्या घरची करून आणू शकतात का? म्हणजे रोटी-बेटीचा व्यवहार. दोन्हीकडून नकार आला, आणि त्याचा काटा काढल्याशिवाय गोष्ट पुढं सरकतच नसेल, तर तो यादीत.

कसोटी ऐकून बरेच जण चपापतात. चपापावंच. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

असुर, दैत्य, दानव, राक्षस हे सगळे एकच ना?

बोलताना आपण सरमिसळ करतो, पुराणं सहसा करत नाहीत. कश्यपाच्या बायकांपैकी दितीची मुलं दैत्य, दनूची दानव आणि अदितीची आदित्य, म्हणजे देव. देव आणि दैत्य सावत्र भाऊ झाले, आणि समुद्रमंथनानंतरचं भांडण तर सरळसरळ वाटणीचं भांडण आहे. हिरण्यकशिपू दैत्य, प्रल्हाद त्याचा मुलगा, बळी त्याचा पणतू. रावण राक्षस खरा, पण पुलस्त्य ऋषींचा नातू, आणि यक्षांचा राजा कुबेर त्याचा सावत्र भाऊ.

वंशावरून नोंद करायची तर प्रल्हादालाही यादीत टाकावं लागेल. म्हणून 'कुळानं कोण' हा रकाना आम्ही वेगळा ठेवलाय आणि 'गोष्टीत कोण' हा वेगळा. मयासुराचं उदाहरण घ्या. कुळानं दानव. खांडववन जळताना अर्जुनानं त्याला अभय दिलं आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्यानं पांडवांना मयसभा बांधून दिली. तो यादीत नाही.

दिसायला अक्राळविक्राळ असलं की राक्षस, एवढं साधं का नाही धरत?

कारण मग सगळ्यात आधी नरसिंह अडकतो. धड माणसाचं, तोंड सिंहाचं, नखांनी पोट फाडणारा. आणि तो आपल्याला लांब कुठं शोधायलाही जावं लागत नाही. रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन मंदिरं आहेत. गडमंदिराकडे जाणारे लोक बहुतेक वेळा ती ओलांडून पुढं जातात. थांबून पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की या नरसिंहाच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही. रक्त नाही, आतडी नाहीत. हातात चक्र घेऊन तो नुसता ऐसपैस बसलाय, दरबार भरवल्यागत. सिंहाचं डोकं तेच, पण त्याच्यासमोर बसून आपली फिर्याद सांगावी असं वाटतं.

याहून जवळचा पुरावा श्रावणात घरोघरी भिंतीवर लागतो. जिवतीचा कागद एकदा डोळे उघडून पाहा. वर नरसिंह. एका चौकटीत कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. एका चौकटीत हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आणि एका चौकटीत अंगाखांद्यावर पोरं खेळवणाऱ्या दोन बाया, जरा आणि जिवंतिका. यातली जरा कोण, हे कट्ट्यावर विचारलं तेव्हा आयुष्यभर शुक्रवारी जिवती पूजणाऱ्या काकूंनाही सांगता आलं नाही. ती राक्षसीण आहे. महाभारताच्या सभापर्वात येते. मगधाच्या राजाला दोन राण्यांपासून अर्धं-अर्धं बाळ झालं, दोन्ही तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले. मांस शोधत आलेल्या जरेनं ते उचलले, एकत्र जोडले, आणि बाळ रडायला लागलं. तोच जरासंध. तिला ते खाता आलं असतं. तिनं ते राजाला नेऊन दिलं आणि सांगितलं, भिंतीवर मुलांसकट माझं चित्र काढून जो मला पूजेल त्याच्या घरी भरभराट होईल.

ती बोली आपण आजही पाळतोय. राक्षसीण आपल्या देवघरात आहे, लेकराबाळांसाठी तिला औक्षण होतं, पुरणाचा नैवेद्य दाखवला जातो. रोटी झाली, लेकरं तिच्या मांडीवर दिली, मग ती राक्षसीण उरली कुठं? जरेचं नाव आम्ही यादीतून काढलं.

रोटी-बेटीची कसोटी प्रत्यक्षात कशी लावता? एखादं उदाहरण द्या.

बकासुर आणि हिडिंबा. दोघं महाभारतात अगदी पाठोपाठ येतात.

बकासुराची गोष्ट आपल्याला लहानपणी अर्धीच सांगितलेली असते. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मूळ आदिपर्वात त्या अन्नाला चक्क वेतन म्हटलंय. एकचक्रा नगरीचा ब्राह्मण कुंतीला सांगतो की आमचा राजा नालायक आहे, त्याला प्रजेचं रक्षण जमत नाही. परचक्रापासून आणि इतर भुतांपासून या मुलखाला राखतो तो बक, आणि त्याचं वेतन म्हणून घरामागं पाळी लावली आहे. आजच्या भाषेत हप्ता. ब्राह्मणाचा राग बकावर जेवढा आहे, त्याहून जास्त राजावर आहे. त्या राजाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही आणि बक मात्र प्रत्येक बालभारतीछाप गोष्टीत आहे, याचं मला कायम नवल वाटतं.

बकाबरोबर रोटी आहे, पण ती एकतर्फी. तो खातो, पंगतीला कुणी बसत नाही, आणि ताटात माणूसही आहे. म्हणून यादीत. पुढं एक बारीक गोष्ट आहे. बकाला मारल्यावर त्याचे नातलग धावत बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही, यापुढं माणूस खायचा नाही अशी अट घालतो, ते कबूल करतात आणि पुढं त्या गावात ते माणसांबरोबर निमूट राहतात. एका अटीवर अख्खं कूळ यादीबाहेर गेलं.

हिडिंबा तर भावानं धाडलेली असते, पांडवांना मारून आणायला. तिचं मन भीमावर बसतं. ती कुंतीसमोर हात जोडून मागणी घालते, कुंती सून म्हणून पत्करते, घटोत्कच होतो. भाऊ हिडिंब यादीत, बहीण बाहेर, आणि दोघांत रक्ताचा काही फरक नाही. फरक फक्त कुंतीच्या होकाराचा.

आता घटोत्कच. पांडवांचा थोरला पोरगा, त्यांच्यासाठी लढतो, कर्णाचं शक्ती नावाचं अस्त्र स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. पांडव रडतात आणि कृष्ण आनंदानं नाचतो. अर्जुन विचारतो, हे काय? कृष्ण आधी शक्तीचं कारण देतो, म्हणजे ती आता तुझ्यावर चालणार नाही. ते समजतं. मग पुढं म्हणतो की हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, कर्णानं मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. द्रोणपर्वात हे आहे, ताडून पाहा. सोयरीक झाली, पोटचा पोर झाला, पोरानं जीव दिला, तरी हिशेब बाकीच. घटोत्कचाच्या नोंदीपुढं आम्ही काहीच लिहिलेलं नाही. तो एकटा असा आहे.

ही कसोटी म्हणजे जातीव्यवस्थाच नाही का?

आहे. रोटी-बेटी बंद करून माणसांना माणसांतून बाहेर ठेवायची रीत आपल्याकडे शतकानुशतकं चालली. दीक्षाभूमीच्या शहरात बसून हे कुणी विसरू म्हटलं तरी विसरता यायचं नाही. कट्ट्यावरच्या एका पोरानं पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं होतं, 'तुमच्या कसोटीनं माझा पणजोबा राक्षस ठरला असता, मग?'

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि कसोटी बदलली नाही ती त्याचमुळं. राक्षस ठरवणारे हेच माप वापरत आले. ते झाकून ठेवलं तर यादी सोज्वळ दिसेल, पण खोटी होईल. म्हणून प्रत्येक नोंदीत एक रकाना सक्तीचा केला, तो म्हणजे ही गोष्ट कोण सांगतंय. कसोटीतून समजतं ते एवढंच, की सांगणाऱ्यानं कुणाला दाराबाहेर ठेवलं. बाहेरचा खरंच तसा होता की नाही, ते त्यातून समजत नाही.

हा विचार आमचा नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या गोष्टी उलट्या बाजूनं वाचून दाखवल्या. अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या, आणि मारले गेलेले ते इथले मूळचे राजे. बळी तर आपल्याकडं कधी पुरता राक्षस झालाच नाही. दिवाळीत बायका ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. ज्याला वामनानं पाताळात घातलं त्याचंच राज्य मागतात, आणि शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो.

मग रावण आहे की नाही?

दोन नोंदी आहेत.

पहिलीत आहे. कस्तुरचंद पार्कवर दसऱ्याला जो जळतो, तो. त्या गोष्टीत रोटीही तुटलेली आहे. रामायणाच्या काही प्रतींत इंद्र अशोकवनात येऊन सीतेला दिव्य अन्न देऊन जातो, कारण लंकेचा घास तिच्या पोटात जायला नको. बेटीचं तर बोलायलाच नको, सगळं युद्ध त्यावरच आहे. पण त्याच घरातली मंदोदरी, मयासुराची लेक, पंचकन्यांत आहे. सकाळी उठून तिचं नाव घ्या म्हणतात. बिभीषण रामाचा मित्र. घर एकच, आणि दारात एका माणसालाच उभं केलंय.

दुसऱ्या नोंदीत तो नाही. गडचिरोलीतल्या काही गोंड गावांत रावण पूर्वज म्हणून पूजला जातो. मेळघाटातले कोरकू होळीच्या दिवसांत मेघनाथाचा खांब पूजतात. रावणदहन बंद करा अशी निवेदनं आदिवासी संघटना दसऱ्याच्या आधी देत आल्या आहेत. 'एक काय ते ठरवा' असा आग्रह दर वर्षी कुणीतरी धरतंच. नाही ठरवणार. ज्यांच्या गोष्टीत तो आजोबा आहे त्यांना 'तुमचा आजोबा आमच्या यादीत बसवतो' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

नागपूरच्या नावातच नाग आहे. नागांचं काय केलं?

नाग बाहेर आहेत, आणि या निकालावर कट्ट्यात फारसं भांडण झालं नाही. महाभारत सुरू होतं ते नागांच्या संहारानं. जनमेजयाचं सर्पसत्र चालू आहे, मंत्रासरशी नाग एकामागून एक आगीत पडताहेत. कारण काय, तर तक्षक नागानं जनमेजयाच्या बापाला, परीक्षिताला, दंश केला. पण त्याच्या आधी खांडववन जाळलं गेलं होतं. तक्षक तेव्हा कुरुक्षेत्रात होता, त्याची बायको त्यात मेली, मुलगा अश्वसेन कसाबसा निसटला. भांडण काही पिढ्यांचं आहे, आणि पहिली काडी नागांनी लावलेली नाही.

सत्र थांबवतो तो आस्तिक. बाप ऋषी, आई वासुकीची बहीण. त्या लग्नातून झालेलं एक पोरगं यज्ञमंडपात येऊन उभं राहतं आणि राजाकडून वर मागून घेतं. अर्जुनानंही नागकन्या उलूपीशी लग्न केलेलं आहे. बेटीव्यवहार सुरू आहे म्हटल्यावर आमच्या कसोटीनं प्रश्नच मिटला. जुन्या घरांत अजून साप दिसला की म्हातारी माणसं 'आस्तिक, आस्तिक' म्हणतात. तो करार आठवून देणं आहे.

बाबासाहेबांनी १९५६ साली धर्मांतरानंतरच्या भाषणात नागपूरच का निवडलं हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता. नाग नदीच्या काठी वसलेले, बौद्ध धर्म पसरवणारे लोक, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यांच्या मांडणीत नाग माणसंच आहेत. दुसरीकडं श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून माणसांचे लोंढे जातात, त्यांच्यासाठी नाग देव आहे. नाग माणूस ठरला, देव ठरला, सोयराही ठरला. राक्षस ठरवायला कुणीच पुढं आलं नाही.

मारबत राक्षसीण आहे ना? मग ती यादीत का नाही?

हा प्रश्न नागपूरबाहेरचे लोक कधीच विचारत नाहीत आणि नागपूरचे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून ही चाल आहे. बांबूच्या कामट्या आणि कागदाचे अंगावर येणारे प्रचंड पुतळे. इतवारी भागात दोघी समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असा ओरडा करत त्यांना शेवटी नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांच्या घरातली बांकाबाई, असं एक सांगणं आहे. मारबत म्हणजे पूतना, असं दुसरं.

पिवळ्या मारबतीजवळ थोडा वेळ उभं राहून पाहा. बाया नारळ घेऊन येतात, ओटी भरतात, तान्ही लेकरं तिच्या पायाशी टेकवतात. मग त्याच मारबतीला जाळायला नेतात. यात विसंगती आहे असं नागपुरात कुणालाच वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही. जिच्यावर घराची पीडा घालायची, तिला रिकाम्या हातानं धाडत नाहीत. पूतनेचंही भागवतात असंच आहे. विष लावून का होईना, तिनं देवाला पाजलं, म्हणून तिला आईची गती मिळाली आणि तिच्या चितेच्या धुराला अगरूचा वास आला. एका घोटाची रोटी, तीही विषाची, पण हिशेबात धरली गेली.

तेव्हा मारबत यादीत नाही. इडापिडा वाहून नेणारी ती, इडापिडा नव्हे.

बडग्यांचं मात्र वेगळं. मारबतींबरोबर निघणारे हे पुरुष पुतळे दर वर्षी नवे असतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या कुठल्याही गोष्टीचा बडग्या निघतो. आपला राक्षस कोण हे शहर दर वर्षी रस्त्यावर उतरून ठरवतं आणि संध्याकाळपर्यंत जाळून मोकळं होतं. आम्ही बडग्यांची वेगळी वही ठेवली आहे. राक्षस ठरवायची याहून बरी पद्धत मला तरी माहीत नाही, कारण इथं निकालाला मुदत असते.

हडळ, मुंजा, चकवा यांना का घेत नाही?

त्यांची यादी वेगळी, कारण ती आपलीच माणसं आहेत. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, म्हणून पिंपळावर अडकलेला. समंधाचा जीव मागं राहिलेल्या घरादारात गुंतलेला. रोटी-बेटी यांच्याशी होती किंवा व्हायची राहिली. म्हणून तर त्यांना भात उतरवून टाकतात, तिठ्यावर दिवा ठेवतात. चकव्याला नाव-गाव नसतं. रात्री रस्ता भुलवून एकाच धुऱ्याभोवती फिरवत ठेवतो, एवढंच. त्याला कुठंच घेतलेलं नाही.

माणूस राक्षस असू शकतो का?

गोष्टीत, हो. आणि याचं एक जुनं, चांगलं उदाहरण विदर्भाच्याच एका लेखकाचं आहे. भवभूती आठव्या शतकातला, पद्मपूरचा. आज गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ जे पद्मपूर आहे तेच ते, असं संशोधक वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकाचा पाचवा अंक स्मशानात घडतो. प्रेमात हताश झालेला माधव रात्री नरमांस विकायला निघतो, गिऱ्हाईक पिशाच्चं. चारी बाजूंनी भुतं, प्रेतं तोडणारी, आतडी ओढणारी. वाचताना किळस येते. पण ती भुतं माधवाला काही करत नाहीत. त्याच वेळी जवळच्या देवळातून किंकाळी येते. तिथं अघोरघंट नावाचा कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा तांत्रिक साधू, माधवाच्या प्रेयसीला, मालतीला बळी द्यायला घेऊन बसलाय, मंत्र म्हणत, शुद्ध संस्कृतात. राक्षस तो. भुतांचा अख्खा बाजार भवभूतीनं बहुधा त्याच्यासाठीच मांडला, म्हणजे आपण चुकीच्या जागी घाबरून झाल्यावर खरा माणूस समोर यावा.

जिवंत माणसाची नोंद मात्र घेत नाही, कितीही मोठा गुन्हेगार असो. एकदा एका ताईंनी गावातल्या बाईबद्दल 'ती करणी करते, सगळं गाव सांगतं' म्हणून नोंद आणली होती. ती फाडून टाकली. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा सैतान आहे असं सांगून तिचं जगणं मुश्किल करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी फाडलीच असती.

आणि नरभक्षक वाघ?

नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीला गोळी घातली गेली. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. जिथं शेतात जायची चोरी झाली होती त्या गावांना हायसं वाटलं. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, तिला अवनी म्हणून ओळखलं गेलं. दोन्हीकडच्या लोकांनी आपापली गोष्ट केली, पण वाघीण गोष्टीत नव्हती, जंगलात होती, तिच्यामागं दोन बछडे होते.

गोष्टीतला वाघ तर व्यवहाराला पक्का असतो. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा' असं म्हातारी सांगते आणि तो ऐकतो. परत येताना भोपळा टुणूक टुणूक निघून जातो, हा त्याचा व्यवहारात झालेला तोटा.

परदेशी राक्षसांना आपली कसोटी कशी लागेल?

मला वाटलं त्याहून चांगली लागते. ग्रीकांचा एकडोळ्या पॉलिफेमस घ्या. ओडिसियस त्याच्या गुहेत शिरून पाहुणचार मागतो, पाहुण्याला काहीतरी भेट द्यायची रीत आहे म्हणतो. पॉलिफेमस भेट देतो ती अशी, की तुला सगळ्यांच्या शेवटी खाईन. रोटीचा इतका सरळ भंग दुसऱ्या गोष्टीत सापडणार नाही. अर्थात मालक घरी नसताना आत शिरून चीज कुणी खाल्लं, हेही नोंदीत लिहिलंय.

ड्रॅक्युलाला घरातल्या कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. पाहुणा म्हणून येतो आणि यजमानालाच पितो.

आणि मेरी शेलीचं १८१८ चं 'फ्रँकेन्स्टाइन'. फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव, बनवलेल्याला नावच नाही. तो शेजाऱ्यांच्या भिंतीआडून भाषा शिकतो, घरात घ्या म्हणून विनवतो, मार खातो. मग बनवणाऱ्याकडे एकच मागणं मागतो, माझ्यासारखी एक बायको करून दे, आम्ही दूर निघून जाऊ. बनवणारा कबूल होतो, काम अर्धं करतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते फाडून टाकतो. बेटी नाकारली त्या क्षणी दोघांच्याही घरादाराची राखरांगोळी ठरली. कुंतीनं नाही म्हटलं असतं तर हिडिंबेचं काय झालं असतं, ते इथं वाचायला मिळतं.

गॉडझिला, झोंबी वगैरे आहेत यादीत, विचार फार करावा लागत नाही. बोलणंच शक्य नसतं.

लहान मुलांना आणलं तर चालेल का?

आणा. ती घाबरत नाहीत, उलट फार खोलात विचारतात. बकासुर रेड्यांची शिंगंही खायचा का, हा प्रश्न अजून पडून आहे.

नोंद कशी द्यायची?

कागदाच्या एका बाजूला मावेल एवढी. नाव, कुळ, काय खातो, कुठं राहतो, त्याला शेवटी कुणी आणि कसं संपवलं, आणि गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद परत येते. 'सगळ्यांना माहीत आहे' हे चालत नाही. सगळे म्हणजे कोण?

ठिकाणाशी जोडलेल्या गोष्टींना आम्ही आधी जागा देतो. लोणारचा लोणासुर आहे, विष्णूनं अंगठ्यानं त्याच्या विवरावरचं झाकण उडवलं ती गोष्ट, दैत्यसूदन मंदिरासकट. तिथं उल्का पडली होती हे शेजारीच लिहिलंय, दोन्ही राहू द्या. चिखलदऱ्याचा कीचक आहे, भीमानं दरीत फेकलेला. पण कीचक विराटाचा मेहुणा, धडधाकट माणूस. द्रौपदीवर हात टाकला म्हणून मेला. त्याला 'माणूस' या रकान्यात टाकलंय, अघोरघंटाच्या खाली.

मला लिहिता येत नाही, आमची आजी सांगते तेवढं माहीत आहे. चालेल?

उलट तेच हवं आहे. आजीला घेऊन या, ऑटोचं आम्ही पाहतो. वऱ्हाडीत सांगा, झाडीबोलीत सांगा, गोंडीत सांगितलं तर अर्थ लावायला कट्ट्यावर दोघं जण आहेत. फोनवर रेकॉर्ड करतो आणि नंतर उतरवून काढतो. मधेच आजी 'मले नाई आठवत बाप्पा' म्हणाली तर तेही तसंच उतरवतो, पुढचं आपल्या मनानं भरत नाही. आणि गोष्टीतला राक्षस तिला चांगला वाटत असेल तर तिला दुरुस्त करू नका.